हापूसचं ‘एंटरप्राइझ सोल्यूशन’ सुचवणाऱ्या सल्लागारांस खुलं पत्र

आदरणीय डिजिटल सल्लागार महोदय,

स. न. वि. वि.

आपला प्रस्ताव मिळाला. गुळगुळीत कागद, स्पायरलची बांधणी आणि मुखपृष्ठावर हस्तांदोलन करणारे दोन सुटातले हात. आमच्याकडे हंगामात कोणी हस्तांदोलन करत नाही, सगळ्यांच्या बोटांना चीक लागलेला असतो. पण भावना पोचली. रत्नागिरीतल्या एका लहानशा आंबा बागायतदाराला काय हवं आहे, हे त्याला एकही प्रश्न न विचारता आपण ओळखलंत, याबद्दल आधी मनःपूर्वक अभिनंदन.

प्रस्तावानुसार आम्हाला ‘ओम्नीचॅनल कॉमर्स प्लॅटफॉर्म’ची तातडीने गरज आहे. त्यात लॉयल्टी पॉइंट आहेत, सात भाषा आहेत, चॅटबॉट आहे, बहु-गोदाम व्यवस्थापन आहे. गोदाम आमच्याकडे एकच, घराची मागची पडवी. तिथे पेंढा अंथरून अढी घालतो. दुसरं काढायचं तर आजीला तिची खोली सोडावी लागेल. आपण म्हणत असाल तर विचारून बघतो, पण विचारायला आपणच या.

‘रिअल-टाइम इन्व्हेंटरी’ वाचून तर घरात सगळे गंभीर झाले. आमचा साठा सध्या कलमांवर लटकतो आहे. तो किती, हे मोहोर किती टिकला, तुडतुडे किती आले, फळगळ किती झाली आणि अवकाळी पाऊस नेमका काढणीच्या तोंडावर आला की नाही, यावर ठरतं. आपलं सॉफ्टवेअर हा आकडा मिनिटामिनिटाला दाखवणार असेल, तर कृपया त्याला बागेत पाठवा, पंचनाम्याला तलाठ्यांना मदत होईल. शिवाय पडद्यावर ‘साठा 500 पेट्या’ असं दिसलं आणि पुण्याच्या पाचशे जणांनी पैसे भरले, तर वाऱ्याने पडलेल्या फळांचा परतावा कोणी द्यायचा, हे प्रस्तावात कुठे सापडलं नाही. बहुधा ‘प्रीमियम’ योजनेत असेल.

चॅटबॉटचंही कौतुक वाटलं. आमच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असतो: “शुक्रवारी पाहुणे यायचेत, तोवर तयार होतील ना?” त्याचं उत्तर आई पेटी उघडून, देठाशी वास घेऊन, बोटाने किंचित दाबून देते. आपला चॅटबॉट देठाशी वास घेतो का? नसेल घेत, तर तो गिऱ्हाइकाला फक्त आईचा फोन नंबर देईल, आणि तो नंबर पेटीवर छापलेलाच आहे.

नमुना म्हणून दाखवलेलं पान मुळात कपड्यांच्या दुकानाचं होतं, हे आमच्या पुतणीने ओळखलं. मालाखाली ‘आकार निवडा’ आणि ‘रंग निवडा’ असे दोन चौकोन राहून गेले होते. आम्ही हसलो, पण नंतर वाटलं, अख्ख्या प्रस्तावात आमच्या उपयोगाचं तेवढंच आहे. आकार म्हणजे चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेटी. पेटी तीच, डझन वाढले की फळ लहान. आणि रंग म्हणजे पिकलेला हवा, हिरवा हवा की अर्धा-अर्धा. फोनवर निम्मा वेळ याच दोन प्रश्नांत जातो. हे दोन चौकोन आणि पत्ता घेणारा एक साधा फॉर्म, एवढ्याने एप्रिलातली संध्याकाळ मोकळी होईल. आपल्याकडून हे नजरचुकीने राहिलं, तरी आभार.

आपण शॉपिफायचा दाखला दिलात, तोही आम्ही नीट समजून घेतला. टोबी लुट्के हे गृहस्थ 2004 च्या सुमारास कॅनडात, ओटावाला, भागीदारासह इंटरनेटवर स्नोबोर्ड विकायला निघाले. दुकानाचं नाव स्नोडेव्हिल. बाजारातलं तयार सॉफ्टवेअर पसंत पडेना, म्हणून स्वतःच्या दुकानापुरतं स्वतःच लिहिलं, आणि 2006 मध्ये ते सॉफ्टवेअरच इतर दुकानदारांसाठी खुलं केलं. म्हणजे हंगामी माल विकणाऱ्या माणसाने आधी आपलं काम बघितलं, मग अवजार घडवलं. मालापेक्षा अवजार विकण्यात पैसा जास्त, हा गोष्टीचा उत्तरार्ध आपण केव्हाच आत्मसात केलेला दिसतो. पूर्वार्धही वाचावा, ही विनंती.

शॉपिफायसारख्या, दरमहा भाड्याने मिळणाऱ्या ऑनलाइन दुकानाला नावं ठेवायची आमची इच्छा नाही. वाडीतलं एक बिऱ्हाड बारा महिने कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी विकतं. बाटलीचं वजन ठरलेलं, किंमत छापलेली, माल फडताळात मोजून ठेवलेला. त्यांनी दरमहा भाडं भरावं आणि सुखाने झोपावं. सर्व्हर, सुरक्षा, पैसे घेण्याची सोय सगळं भाड्यात येतं. आमची विक्री मार्चअखेरीला सुरू होते आणि मिरगाच्या आधी आटोपते. उरलेले महिने ते दुकान रिकाम्या फळ्या दाखवत बसणार आणि भाडं चालू राहणार. आपल्या तक्त्यात यालाच ‘वार्षिक योजना, मोठी बचत’ म्हटलं आहे.

दुसरा पर्याय आपण ‘संपूर्ण मोफत’ म्हणून मांडलात: वर्डप्रेस आणि त्यावर दुकान मांडायला वूकॉमर्स. वर्डप्रेस 2003 पासून आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात आणि ते खरंच फुकट उतरवून घेता येतं, याबद्दल दुमत नाही. (त्याच नावाची भाड्याची सेवाही आहे, आपल्या प्रस्तावात पान चार ते सहा पहिल्याबद्दल आणि सात ते नऊ दुसऱ्याबद्दल बोलतात, हे आपल्या ध्यानात आणून देतो.) फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरला राहायला सर्व्हर लागतो, त्याचं भाडं, आपण सुचवलेली थीम विकतची, दोन डझन प्लगइनांपैकी निम्म्यांचं दरसाल नूतनीकरण. त्यातलं एखादं जुनं राहिलं तर घुसखोरांची नेहमीची वाट तीच. मग अपडेट कोणी करायचं? ‘क्लायंटने,’ असं बारीक अक्षरात आहे. मे महिन्यात क्लायंट झेला घेऊन झाडावर असतो. तिथून डेटाबेसचा बॅकअप घेण्याचा सराव त्याला अजून नाही.

आता जरा थांबून एका कलमाविषयी लिहायचं आहे, आंब्याच्या नव्हे, कराराच्या. त्यात म्हटलं आहे की वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, ‘सोयीसाठी’ आपल्या नावावर नोंदवलं जाईल. महोदय, डोमेनची नोंदणी म्हणजे सातबारा. कलमं आम्ही लावायची, खत-पाणी आम्ही घालायचं आणि उताऱ्यावर नाव आपलं, इतका कोकणी माणूस भोळा असता तर इथल्या दिवाणी न्यायालयांना उसंत मिळाली असती. उद्या आपलं-आमचं बिनसलं, आपण धंदा बदललात किंवा नूतनीकरणाची आठवण आपल्या जुन्या ईमेलवर जाऊन पडली, तर वर्षानुवर्षं पेटीवर छापलेला पत्ता दुसऱ्याच्या पानावर उघडेल. नोंदणी आमच्या नावावर, आमच्या ईमेलवर, पासवर्ड आमच्या कपाटात. याची आपल्याला गैरसोय होणार असेल, तर ती कोणती, हे ऐकायला आवडेल.

गिऱ्हाइकांच्या यादीचंही तेच. दादर, डोंबिवली, कोथरूड इथली घरं वडिलांपासून आमच्याकडून पेट्या घेतात; ती वही हीच आमची पुंजी. ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालायला आपण मोफत मदत देता. बाहेर काढायला काय देता? साध्या एक्सेलमध्ये सगळी नावं, पत्ते, ऑर्डरी एका बटणावर उतरल्या पाहिजेत. हे भय उगाच नाही. खुद्द गूगलने छोट्या धंद्यांना बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट वेबसाइट करून दिल्या होत्या. कित्येकांनी तो पत्ता कार्डांवर छापला, दुकानाच्या पाटीवर रंगवला. मार्च 2024 मध्ये त्या बंद झाल्या. काही महिने जुना पत्ता प्रोफाइलकडे वळत होता, पुढे तेही थांबलं. एवढी मोठी कंपनी हात झटकू शकते, तिथे आपलं ‘आजीवन सपोर्ट’ नेमकं कोणाच्या जीवनापर्यंत, हे स्पष्ट करावं.

पैशाची बाब पटकन उरकतो. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे पाठवतं. त्यावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे बँकेचं कमिशन, जानेवारी 2020 पासून शून्य आहे. आपण मधे पेमेंट गेटवे घालून साधारण दोन टक्के आणि वर त्या शुल्कावर जीएसटी सुचवता, केवळ ‘चेकआउटचा अनुभव’ सुधारावा म्हणून. अनुभव कोणाचा सुधारतो, ते दिसलंच. ‘ग्राहकाचं कार्ड कायमचं साठवून ठेवण्याची खास सोय’ मात्र आपणच ठेवून घ्या: 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला कार्डाचा क्रमांक साठवताच येत नाही. आणि नमुना बिलात ताज्या आंब्यावर 18 टक्के जीएसटी लागला होता. ताज्या फळावर तो शून्य आहे. डबाबंद रसावर लागतो. जे सॉफ्टवेअर या दोहोंत फरक करत नाही, त्याने सात भाषांत बिल दिलं तरी सातही चूक.

त्या सात भाषांतल्या मराठीबद्दल. आमची माहिती आपण छापखान्यातून श्रीलिपीत घेतलीत आणि जशीच्या तशी पानावर चिकटवलीत. युनिकोडमध्ये न बदलता टाकल्यामुळे तिथे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी उमटली आहे. ‘रत्नागिरी हापूस’ असं शोधणाऱ्या माणसाला ते पान जन्मात सापडायचं नाही. हापूसला 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. परराज्यातला आंबा ‘रत्नागिरी’ म्हणून खपतो, तेव्हा आमचा खरा हे दाखवण्याची संधी वेबसाइटवर आहे: बागेचा फोटो, मानांकनाची नोंद, गावाचं नाव, बोलणारा फोन नंबर. प्रस्तावात यासाठी अर्धा परिच्छेद आहे. सरकत्या चित्रांच्या पट्टीला पाच पानं आहेत.

तेव्हा आम्हाला काय हवं ते सांगतो. एक साधं पान, फोनवर झटकन उघडणारं, गावात नेटवर्कची एकच दांडी असली तरीही. त्यावर आजचा दर, जो पुतणीला मोबाइलवरून सकाळी बदलता येईल आणि गरज पडली तर दुपारीही. ते दोन चौकोन. ऑर्डर थेट तक्त्यात आणि व्हॉट्सअॅपवर. पैसे न भरता नुसती नोंदणी, कारण फळ उतरल्याशिवाय पैसे घ्यायची आमची रीत नाही. हंगाम संपला की एक ओळ: ‘पुढच्या मार्चमध्ये भेटू.’ याला तंत्रज्ञानाच्या भाषेत काय नाव आहे ते आपण द्या, आणि किंमतही, जूनपासून मार्चपर्यंतच्या कमाईकडे पाहून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बागायतदार

ता. क. : हे सगळं आम्ही आपल्या वेबसाइटवरच्या ‘संपर्क साधा’ या फॉर्ममध्ये भरून पाठवलं होतं. ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असं हिरव्या अक्षरात आलं आणि पुढे काहीच झालं नाही. फॉर्ममधला मजकूर नेमका कुठे जातो, ते आपल्या तंत्रज्ञाला एकदा पाहायला सांगा. तोवर पत्र खुलं करण्यावाचून इलाज नव्हता.