सांबर बोलू द्या

ताडोबाच्या मोहर्ली गेटातून आत शिरलेल्या जिप्सीत चितळाचा एक कॉल ऐकू आला की पुण्या-मुंबईचे पाहुणे सीटवर उभे राहतात. ‘भाऊ, घ्या ना तिकडे!’ गाइड ढिम्म. ‘चितळाचं काय घेऊन बसले जी, पान हाललं तरी वरडते. सांबर बोलू द्या.’ मग तो धुळीतला वाघाचा पंजा ताजा की कालचा ते बघतो, समोरच्या गाडीवाल्याला विचारतो आणि मगच ड्रायव्हरला खूण करतो.

या माणसाचा आरोग्य खात्यात निभाव लागणं कठीण. साथ आली की तिथं चितळ ओरडायच्या आधीच ताफा वळतो.

करोना आला तसे माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे उभे राहिले. १८ एप्रिल २०२० ला केंद्रानं सांगितलं, माणसांवर फवारू नका, अपाय होतो. तोवर फिती कापून झाल्या होत्या. २९ जूनला महाराष्ट्रानं प्लाझ्माचा ‘प्लॅटिना’ प्रकल्प काढला, जगातला सर्वांत मोठा म्हणे. प्लाझ्माचा उपयोग होतो का, हे आयसीएमआर ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर तपासतच होती. ना मृत्यू घटले, ना आजार बळावायचा थांबला. हे २०२० मध्येच छापून आलं. सरकारी सूचनांतून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ ला. मधल्या लाटेत नातेवाईक रात्ररात्र दाते शोधत फिरले.

गोवा आणखी पुढे. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्चअखेर बजावलं होतं की आयव्हरमेक्टिन करोनावर फक्त चाचणीपुरतं वापरा. १० मे २०२१ ला आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनाच, आजारी असो वा ठणठणीत, पाच दिवसांचा डोस जाहीर केला. म्हणजे अख्खं राज्य चाचणीत, फक्त वही कुणाकडे नाही.

‘संकटात तोलत बसायला वेळ कुठे?’ असं विचारतात. पत्रकार परिषदेला बरा असतो! गुण किती, अपाय किती, खर्च किती आणि त्याच पैशात दुसरं काय झालं असतं, हे तपासायला केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे ‘एचटीएइन’ नावाची यंत्रणा आहे. घाईत आज हाती असलेल्या पुराव्यावर निर्णय घ्यावा आणि नवा पुरावा आला की तो बदलावा, इतकंच मागणं आहे.

ताडोबाच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं मोजणी न येणाऱ्या दाईंसाठी श्वास मोजायचं साधन केलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर बाळाला न्यूमोनिया. गावातच न्यूमोनियावर उपचार केल्यानं बालमृत्यू घटतात का, हे त्यांनी इतर गावांशी तुलना करून पाहिलं, आणि १९९० मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. मण्यांसमोर फीत कापता येत नाही, हा दोष मात्र राहिलाच.

तेव्हा वाचकहो, पुढच्या साथीत कुणी ‘जगातलं सर्वांत मोठं’ काही घेऊन दारात आलं, तर कशाशी तुलना करून पाहिलंत, एवढं तरी विचारा.