परातीतलं लाल तेल

पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली, गाड्यांच्या कसोट्या घेणारी संस्था आहे. टेकडीखालच्या कोथरूडमध्ये तिच्या बिनसरकारी शाखा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उघडतात.

नाना पेठेतून घासाघीस करून एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा, डबा येतो. बोल्ट सुटतो, एके काळचं लाल तेल काळपट होऊन परातीत उतरतं. (परात कोणाची, हे स्वयंपाकघराला उशिरा कळतं.) पण टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल आतच राहतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत पातळी तपासायला इंजिन चालू आणि तेल ठरावीक तापमानाला लागतं. इथे तापलेला असतो तो फक्त मालक.

तेवढ्यात शेजारचे काका पलीकडे तसाच डबा फोडून बसलेल्या मालकाला विचारतात, "तुमची एएमटी ना हो?"

एएमटीचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच. त्याला साधं गिअर ऑइल लागतं. आणि दुकानातली पाटी स्पष्ट होती: फोडलेला डबा परत घेतला जाणार नाही.