मूळ गाव कुठलं?

हे सर हल्ली बहुतेक कॉलेजांत सापडतात. विषय वनस्पतिशास्त्र, पँटीला कुसळं, खिशात खडूऐवजी बिया. पाहुणा फाटकातून आत आला की चहापाणी नंतर, आधी वाटेतल्या झाडांची चौकशी. ‘‘हा गुलमोहर, मादागास्करचा. तो रेन ट्री, दक्षिण अमेरिकेचा. ती उंदीरमारी, मेक्सिको.’’ आवाज असा, की ही मंडळी काल रात्री कुंपणावरून उडी मारून आत शिरली आहेत.

‘‘मग आपलं कोण?’’ पाहुणा विचारतो आणि फसतो. सर त्याला जिमखान्यामागे नेतात आणि गुडघाभर उंचीच्या काड्या दाखवतात. वावळ, कळंब, मेडशिंगी, ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, पण माळीमामांचं गवत कापायचं यंत्र हा मान जाणत नाही. म्हणून सरांनी प्रत्येक रोपाशी पाटी लावली. नाव लॅटिनमध्ये. मामा पाटी काळजीपूर्वक उपटून बाजूला ठेवतात, रोपासकट गवत कापतात आणि पाटी पुन्हा जागच्या जागी रोवतात.

सरांचं शास्त्र पक्कं आहे, हीच खरी अडचण. कॉलेजमागच्या टेकडीवर उंदीरमारी का माजली, हे त्यांना विचारा. लावली की जगते, गुरं तोंड लावत नाहीत, वृक्षारोपणाचा आकडा पुरा होतो. यात खोडून काढण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे ऐकत उभं राहावं लागतं.

भाजीच्या वाफ्यांत मात्र खुद्द सरांची पंचाईत झाली. एनएसएसच्या मुलांनी उत्साहाने टोमॅटो, बटाटा, कोबी अशी यादी आणली. सरांनी पहिल्या दोघांना अमेरिकेत आणि तिसऱ्याला युरोपात परत पाठवलं. उरली वांगी, तोंडली, पडवळ, काकडी. त्या वर्षी हॉस्टेलच्या मेसमध्ये वांगं इतक्या रूपांनी आलं, की मुलं उपास धरू लागली.

मिरचीचं काय करायचं, हा प्रश्न कुणी काढला नाही. ती पोर्तुगीजांबरोबर आली, हे सरच वर्गात शिकवतात. पण सर कोल्हापूरकडचे. ‘‘चार-पाचशे वर्षं राहतेय इथे,’’ ते वाफ्यात वाकून म्हणाले, ‘‘रहिवासी दाखला द्यायला हरकत नसावी.’’ टोमॅटोही तिच्याच बोटीतला असावा, असं एका मुलीने सुचवलं. तिला कंपोस्टच्या खड्ड्यावर नेमण्यात आलं.

लिंबाचं एक झाड आहे. त्याला पान म्हणून राहत नाही, कारण सुरवंटांना हात लावायचा नाही. ते ब्लू मॉरमॉनचे आहेत आणि ब्लू मॉरमॉन 2015 पासून राज्य फुलपाखरू आहे. मेसवाले लिंबं बाजारातून आणतात.

यंदा नॅकची समिती जूनमध्ये आली. प्राचार्यांनी पनीर सांगितलं होतं. सरांनी आपल्या अधिकारात शेवळाची भाजी करवली. पहिल्या पावसाबरोबर उगवणारा, आठवडा-दोन आठवडे मिळणारा अस्सल रानमेवा, तोही कॅम्पसवरचाच. शेवळाला खाज असते आणि ती मारायला काकडाची आंबट फळं लागतात, हे कातकरी बायका जुडीबरोबर काकडंही विकतात त्यावरून कुणालाही कळावं. सरांना तर त्याची रासायनिक कारणंही ठाऊक. पण काकडं बाजारातून आणली असती तर भाजी पूर्णपणे कॅम्पसवरची राहिली नसती.

समितीचे अध्यक्ष पहिल्या घासानंतर बोलायचे थांबले. दुसरे सदस्य घसा धरून पाण्याचा तांब्या शोधू लागले. प्राचार्यांनी सरांकडे जे पाहिलं, ते लिहिण्याजोगं नाही.

सर शांत होते. ‘‘काकडाची रोपं मागच्या पावसाळ्यातच लावलीत,’’ त्यांनी अध्यक्षांना दिलासा दिला. ‘‘पुढच्या मूल्यांकनापर्यंत फळं धरतील.’’