वरचा डावा सुळा

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली म्हणावी अशी एकच वस्तू उरली आहे, वरच्या जबड्यातला डावा सुळा. जमीन कुळकायद्यात गेली, सोनं लग्नकार्यांत गेलं, आणि पितळी समया नेमक्या कुणाकडे आहेत यावर अजून दोन मतं आहेत. सुळ्याबद्दल मात्र वाद नाही. तो आईला होता, दादाला आहे, मला आहे आणि दादाच्या सईलाही न मागता मिळाला. तो रांगेत बसत नाही. शेजारच्या दोघांच्या वर, हिरडीच्या कट्ट्यावर चढून जगाकडे बघत असतो. आमचे जुने फोटो पाहिले तर कुणालाही वाटावं, काय करारी माणसं होती! एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. खरं तर फोटोग्राफर तयार होईपर्यंत ती सगळी खिदळत असायची. ओठ मिटायचे ते सुळ्यासाठी. आई तर अजूनही हसताना पदराचं टोक तोंडाशी नेते, आणि आता त्या पदराआड झाकण्यासारखं काही राहिलेलं नाही. ते पुढं येईलच.

दातावर दात असलेला माणूस नशीबवान, असं आई म्हणायची. पुरावा विचारला तर तिच्यापाशी एकच होता, हळदीकुंकवाच्या सोडतीत निघालेला स्टीलचा डबा. आम्ही तो वर्षानुवर्षं पोह्यांसाठी वापरला आणि नशिबाविषयी फारशी तक्रार केली नाही. सईनं मात्र तेरावं लागताच जाहीर केलं की तिला तारा लावायच्या आहेत. दादानं खर्चाचा आकडा ऐकला आणि “आमचं काय अडलं त्या दातावाचून?” असं विचारलं. विचारताना त्याचा वरचा ओठ आपोआप खाली ओढला गेला, सवयीनं. सईनं ते पाहिलं, वहिनीनं पाहिलं, आणि दादा तिथंच वाद हरला.

दवाखान्यात तिला घेऊन जायचं काम आत्याकडे आलं. डॉक्टर तरुण, हसऱ्या; मला ‘काकू’ आणि सईला ‘बाळा’ म्हणणाऱ्या. त्यांनी सईच्या जबड्याचा एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. पूर्ण जबड्याचा हा फोटो फार गमतीचा असतो. दोन्ही कानांपर्यंत पसरलेलं एक निळसर, ओठ नसलेलं हसू. आमच्या घरातलं पहिलं बिनधास्त हसू मी पाहिलं ते असं काचेवर चिकटवलेलं. अक्कलदाढा अजून यायच्या होत्या, पण हाडाच्या आत चारी कोपऱ्यांत त्यांचे कळे दिसत होते. बाकी अकलेची काही अशी आगाऊ नोंद निसर्गानं केलेली नसते.

सुळ्याचाच घोळ का व्हावा, हे मी विचारलं. उत्तर ऐकून मला त्या दाताची दया आली. वरचे पुढचे चार दात सातव्या-आठव्या वर्षापासून येऊन बसतात. मागची पहिली उपदाढ दहाव्या-अकराव्या वर्षी येते. सुळा अकराव्या-बाराव्या वर्षी, म्हणजे या सगळ्यांच्या मागून, आणि तोही डोळ्याखालच्या हाडातून सर्वांत लांबचा रस्ता तुडवत. पंगत वाढून झालेली, पानापानाशी माणूस बसलेला, आणि हा दारात उभा. कुणी ‘जरा सरका’ म्हणून जागा केली तर ठीक, नाहीतर मिळेल तिथं टेकायचं. इतकी वर्षं आम्ही ज्याला आगाऊ समजत होतो, तो बिचारा उशिरा पोचलेला होता.

डॉक्टरांनी मग दात सरकतो कसा, ते सांगितलं. मी दाताला आजवर भिंतीत ठोकलेल्या खुंटीच्या जातीचं समजत आले होते. तसं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरहूनही अरुंद फट असते, तीत असंख्य बारीक तंतू असतात, आणि दात त्या तंतूंवर तोललेला असतो. तारेनं हलका रेटा दिला की ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. मागं मोकळ्या झालेल्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड रचत येतात. पुढं पाडकाम, मागं बांधकाम, आणि मधून आपले मालक महिन्याला फार तर एक मिलिमीटर चालत निघालेले. बोटाचं नख याच्या तिप्पट वेगानं वाढतं. भारताचा भूखंड हिमालयाला ढुशा देत उत्तरेकडे सरकतो आहे, तोही वर्षाला पाचेक सेंटिमीटर सरकतो. म्हणजे सई तिच्या सुळ्यासह उत्तरेला जेवढी जाणार होती, त्याच्या चौथाईदेखील तो सुळा स्वतःच्या जागेकडे जाणार नव्हता.

आणि घाई चालत नाही. तार जास्त आवळली तर त्या फटीतला रक्तपुरवठाच चेंगरतो, पेशी तिथं पोचेनाशा होतात आणि दात होता तिथं अडून बसतो. जोर वाढवला की वेग घटतो, हे मला हाडासारख्या टणक जिनसेकडून ऐकायची अपेक्षा नव्हती. दादाला मी हे घरी आल्यावर मुद्दाम दोनदा सांगितलं. सईच्या गणितासंबंधी त्याचं धोरण वेगळं आहे.

जागा करायची तर कुणाला तरी उठवायला हवं. चार उपदाढा काढायच्या ठरल्या. निरोगी दात काढायचा म्हटल्यावर आमचा जीव वर-खाली झाला. पण हा जीव आमच्याआधी थोरामोठ्यांचाही झालेला आहे. ज्याला या शास्त्राचा जनक मानतात, त्या अमेरिकेतल्या एडवर्ड अँगलनं १८९९ मध्ये वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले; जगभरचे डॉक्टर अजून त्याच वर्गांची भाषा बोलतात. देवानं दिलेले सगळे दात नीट रांगेत बसवता येतात, एकही काढायचा नाही, असा त्याचा हट्ट होता. तो १९३० मध्ये गेला, आणि पुढं त्याच्याच शिष्यानं, चार्ल्स ट्वीडनं, उपदाढा काढून दात बसवायला सुरुवात केली. गुरुभक्तांना ते पाखंड वाटलं. अँगलची मला आवडलेली गोष्ट मात्र निराळी आहे. सुंदर चेहऱ्याचं माप म्हणून त्यानं अपोलोचा जुना संगमरवरी पुतळा धरला होता. एडमंड वुर्पेल नावाच्या चित्रकाराला त्यानं याबाबत विचारलं, तेव्हा चित्रकारानं त्याची समजूत घातली की इतक्या तऱ्हांच्या चेहऱ्यांना एकच माप लागू पडणं शक्य नाही. दाताच्या डॉक्टरानं चित्रकाराला विचारायला जावं, आणि त्याचं ऐकावंही, असे दिवस होते ते.

काढलेले चार दात सईनं मागून घेतले. दुधाचे दात आम्ही कौलांवर फेकायचो, उंदरानं जुना घेऊन नवा द्यावा म्हणून. दादाचा फ्लॅट आठव्या मजल्यावर. वर कौलं नाहीत, आणि उंदीर असलाच तर लिफ्टनं येणारा. शिवाय या दातांच्या बदल्यात नवे मिळायचे नव्हते. तिनं ते मलमाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवले. डबी अजून तिच्या कपाटात आहे.

पर्याय बरेच होते. धातूच्या पट्ट्यांच्या तारा, सर्वांत स्वस्त आणि कशालाही पुरून उरणाऱ्या. दातांच्या मागच्या बाजूनं लावायच्या तारा. त्या बाहेरून दिसत नाहीत, पण जिभेला सोलतात आणि काही दिवस ‘स’चा ‘श’ होतो. पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे प्लास्टिकचे पातळ साचे. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या, दंतवैद्यकाशी काडीचा संबंध नसलेल्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी १९९७ मध्ये त्याची कंपनी काढली. एकेक साचा दाताला पाव मिलिमीटर हलवतो, मग पुढचा. सोय छान, पण दिवसाचे वीस-बावीस तास तो तोंडात हवा आणि तो असताना साध्या पाण्याखेरीज काही प्यायचं नाही. ज्या घरात चहाचं आधण दिवसभर खाली उतरत नाही तिथं हे व्रत सोमवारच्या उपासापेक्षा कडक. शिवाय फार वर चढलेला सुळा खाली ओढायला साच्याला बरेच कष्ट पडतात, असं डॉक्टरांनीच प्रांजळपणे सांगितलं. पैसा आणि प्रांजळपणा एकाच खुर्चीत बसलेले पाहून मला बरं वाटलं.

शेवटी वरच्या दातांना दिसू नयेत असे सिरॅमिकचे ठोकळे ठरले, आणि त्यांतून ओवायला निकेल-टायटॅनियमची तार. ही तार वाकवली तरी तोंडातल्या उबेनं आपला मूळ आकार आठवते आणि तिकडे परतताना दातांना सोबत नेते. हा मिश्रधातू सापडला अमेरिकी नौदलाच्या शस्त्रप्रयोगशाळेत, क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधताना. १९७० च्या दशकात आयोवाच्या जॉर्ज अँड्रियासननं तो दातांकडे वळवला. आणि ते पारदर्शक सिरॅमिक? तेही उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या यंत्रणेवरचं झाकण म्हणून तयार झालेलं. फोशार नावाचा फ्रेंच दंतवैद्य १७२८ च्या आपल्या ग्रंथात धातूची पट्टी आणि दोरा वापरून दात बांधायला सांगतो. तिथून निघालेली वाट दोन महासत्तांच्या शीतयुद्धातून फिरून आमच्या सईच्या वरच्या ओठामागे येऊन थांबली. आजवर शस्त्रसंशोधनावर झालेल्या खर्चापैकी एवढा तरी सत्कारणी लागला.

शास्त्राला एक गोष्ट मात्र सुचली नव्हती, आमटी. ठोकळ्यांवर तार धरून ठेवायला बारीक रबरं लावतात. सईनं, कुणाला काही कळू नये म्हणून, पारदर्शक निवडली. दोन दिवस ती खरोखरच अदृश्य होती. मग वरणफळं झाली, आमटी झाली, बटाट्याची भाजी झाली, आणि प्रत्येक दातावर हळदीचं एकेक चिमुकलं कंकण उमटलं. ब्रशनं जाईना, गुळण्यांनी जाईना. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी रंगीत रबरांचा गुच्छ पुढं धरला तेव्हा तिनं थेट गर्द जांभळी उचलली. लपत नाहीच, तर मिरवावं तरी. त्यानंतर गणपतीत केशरी, दिवाळीत आकाशकंदिलाशी जुळणारी. चिक्की, ऊस, कणीस बंद. चकली मात्र ती तुकडे करून, दाढेखाली भिजवून, एखाद्या म्हातारीच्या संयमानं खायची. समोर आईही तशीच खात असायची. दोघींची चकली बरोबर संपायची.

कारण आईला तेव्हा नुकती कवळी आली होती. तंत्रज्ञानं सगळे दात नाकासमोर बसवलेले, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. आरशात पाहून आई गप्प झाली, मग डॉक्टरांना म्हणाली, “डावीकडचा एक जरा वर चढवून द्याल का?” त्यांनी ते थट्टेवारी नेलं. सईला मी सांगितलं, जपानात अशा पुढं आलेल्या सुळ्याला याएबा म्हणतात, तिथं तो गोड समजला जातो आणि मध्यंतरी मुली पैसे मोजून खोटा बसवून घेत होत्या. सई म्हणाली, “मग आजीला जपानला नेऊ या.” आई पदराआड हसली. आत सगळं सरळ होतं.

दीड-दोन वर्षांनी तारा निघाल्या. सई दिवसभर जीभ दातांवरून फिरवत होती आणि कुणी काही न बोलताच हसत होती, तोंडभर, हात खाली ठेवून. दादा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग उगाच बिलं लावत बसला. आणि तेव्हा डॉक्टरांनी ती अट सांगितली जी बहुतेकांना सुरुवातीला ऐकू येत नाही. दातांना जुनी जागा आठवते. हिरडीतले ताणलेले तंतू त्यांना परत बोलावत असतात. म्हणून खालच्या दातांमागं कायमची चिकटवलेली तार आणि वर रात्री घालायचं रिटेनर, पहिले काही महिने तर दिवसाही. किती वर्षं? दात तिथं राहावेत असं वाटेल तितकी. तार लावा न लावा, वय वाढतं तसे खालचे पुढचे दात एकमेकांकडे कलतातच. मी घरी येऊन आरशात पाहिलं. माझे कलायला लागले आहेत, जुन्या मैत्रिणींसारखे.

जेवताना मात्र रिटेनर काढावं लागतं, आणि काढलं की मुलं ते कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात. त्या रविवारी हॉटेलात सईनं तेच केलं. टेबल पुसणाऱ्यानं रुमाल उचलला, आणि आम्ही पान घेऊन रस्त्यावर आल्यावर तिला जिभेनं बातमी दिली. आम्ही मागं फिरलो. बँकेत ज्याच्या सहीला वजन आहे असा माझा भाऊ हॉटेलच्या मागच्या अंगणात, इस्त्रीच्या शर्टात, उष्ट्याच्या पिंपावर वाकून कागदी रुमाल एकेक करून उलगडू लागला. एक वयस्कर वाढपी बाहेर आला.

“साहेब, काय हरवलं?”

“दात बसवायचं ते... दाताचं,” दादा म्हणाला.

वाढप्यानं त्याच्याकडे अपार समजुतीनं पाहिलं. खांद्यावरचं फडकं खिळ्याला अडकवून त्यानं बाह्या सरसावल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, “वरची की खालची?”

“वरची,” दादा म्हणाला.