उलटी आगोट

मे महिना म्हणजे आंबे, असं मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं. आमच्या कोकणातल्या घरी तो नळे परतायचा महिना होता. वडील छपरावर, मी शिडीच्या मधल्या पायरीवर आणि आई अंगणातून वर बघत, "त्या कोपऱ्यात गेल्या वर्षी गळत होतं हो!" लाकडं पडवीत यायची, पडवीला झापांचा आडोसा लागायचा, सुकटीचे डबे भरायचे. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, ही सगळी धावपळ एकाच शत्रूसाठी. पाणी आत येता कामा नये.

आता मी मिनेसोटात राहतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बरोबर उलटा उद्योग करतो. आमच्याकडे एक आरव्ही आहे, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं बावीस फुटी घर, अर्थात सेकंडहँड. उन्हाळ्यात ते सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने स्प्लिट रॉकच्या दीपगृहापर्यंत हिंडून येतं. थंडीत ते निजतं, आणि निजण्याआधी त्याच्या पोटातलं पाणी बाहेर काढावं लागतं. सगळं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि नळीला ते अजिबात मानवत नाही. या राज्यातल्या टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. शेजारचे आजोबा हे अशा थाटात सांगतात, की जणू तो पारा त्यांनीच धरून खाली ओढला होता. आमच्या कोकणात पावसाचे इंच सांगणाऱ्यांचा थाट हाच.

या कामाला इथे 'विंटराईझ करणं' म्हणतात. आईला फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण त्यात राहतं कोण थंडीत?"

"कोणीच नाही."

"मग?"

या 'मग'ला अजून मला उत्तर सापडलेलं नाही.

आधी टाक्या रिकाम्या करायच्या. त्यातल्या एका टाकीबद्दल ललित निबंधात लिहू नये. मग गीझर. तो आदल्या दिवशीच बंद करून गार होऊ द्यायचा, नाहीतर हात भाजतो. गीझरच्या बुचाला आतल्या बाजूने मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्याने टाकीचं पोलाद खायचं ते या कांडीला खावं, एवढ्याचसाठी ती तिथे बसवलेली. नवी असताना गुळगुळीत आणि जाडजूड होती. या वर्षी बाहेर काढली तर चावून चावून टाकलेल्या दातणासारखी, जागोजागी आतली तार दिसत होती. टाकी मात्र ठणठणीत. एकत्र कुटुंबातली थोरली सून आठवली. मी कांडी बायकोला दाखवली. ती काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग गुलाबी प्रकरण. नळ्यांत उरलंसुरलं पाणी हटवायला एक गुलाबी द्रव पंपाने आत ओढतात. गाडीच्या रेडिएटरमधला विषारी अँटिफ्रीझ इथे चालत नाही, कारण याच नळांचं पाणी पुढे आपण पिणार. हा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा. डब्यावर मोठ्या अक्षरात उणे ५० फॅरनहाइट छापलेलं असतं. प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी आधी बर्फाच्या गोळ्यासारखा रवाळ होतो, फक्त नळी फोडण्याइतका फुगत नाही. म्हणजे थंडीपुढे हात टेकतो, पण संसार मोडू देत नाही. पहिल्या वर्षी गीझरकडे जाणारी वाट बंद करायला मी विसरलो आणि सहा गॅलनच्या त्या टाकीने माझे सगळे डबे मुकाट्याने पिऊन टाकले. आता तिथली तोटी आधी फिरवतो. पंप घरघरतो, नळ दोनदा खोकतो, हवा थुंकतो, थोडं पाणी टाकतो आणि मग गुलाबी धार लागते. लग्नातल्या सरबताचा रंग. गार नळ, गरम नळ, शॉवर, संडास, सगळीकडे तो दिसेपर्यंत थांबायचं. शेवटी सिंकखालच्या वाकड्या नळीतही एक-एक पेला ओतायचा.

उंदरांचं काय सांगू! पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून ते आत येतात. एकाने पुदिन्याच्या पुरचुंड्या ठेवायला सांगितल्या. त्या ठेवल्या. एप्रिलमध्ये दार उघडलं तेव्हा पुदिना जसाच्या तसा होता, बाकाखाली राहिलेला चिवडा मात्र शेंगदाण्यांसकट नाहीसा झाला होता. हल्ली भोकांत स्टील वूल कोंबतो आणि बाकाखाली बायको स्वतः हात घालून बघते.

बॅटरी काढून घरात आणली, गॅस बंद केला. फ्रिजचं दार मिटलं तर आत बुरशी धरते, म्हणून त्यात गुंडाळलेला टॉवेल अडकवला. रात्री जेवून अंथरुणावर पडलो. डोळा लागतोय तोच अंधारातून आवाज आला, "अहो, बाहेरचा शॉवर?"

ट्रेलरच्या कुशीला, एका छोट्या झाकणामागे, वाळूने भरलेले पाय धुवायला एक नळ असतो. आम्ही तो वर्षातून दोनदा वापरतो आणि एकदा विसरतो. दोन वर्षांपूर्वी तिथलाच सांधा फुटला होता.

पायजम्यावर जाकीट चढवलं, टॉर्च घेतला. बाहेर भुरभुर सुरू झाली होती, वर्षातली पहिली. झाकण उघडलं, बॅटरी परत जोडली, पंप चालू केला, नळ सोडला. तो खोकला. पायाशी पांढऱ्यावर गुलाबी थेंब पडू लागले. एवढं मनासारखं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मी नळ बंद केला, झाकण लावलं आणि वळलो.

वरची खिडकी उघडली. "गरम पाण्याचाही सोडलात ना?"