दोष दुरुस्ती अहवाल

सहकार खात्यात एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. पतपेढ्या, दूध संस्था आणि नोकरीच्या उत्तरार्धात गृहनिर्माण संस्था, म्हणजे जिथे पाच रुपयांच्या खिळ्यावरून पाच वर्षं भांडण चालतं त्या. आम्ही शेरे मारायचे आणि संस्थेने त्यांची पूर्तता करून दोष दुरुस्ती अहवाल पाठवायचा, असा रिवाज. तो बहुधा येत नसे. आलाच तर ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ एवढंच त्यात असे. आता एकोणसाठाव्या वर्षी तोच अहवाल स्वतःविषयी लिहायची वेळ आली आहे, आणि मलाही पहिलं वाक्य तेच सुचतंय.

भाच्याने मला हायरॉक्समध्ये उतरवलं, तिथून हे सुरू झालं. एक किलोमीटर पळायचं, मग एक अंगमेहनतीचं काम करायचं, पुन्हा एक किलोमीटर पळायचं, असं आठ वेळा. २०१७ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गला ही शर्यत निघाली. काढणाऱ्या दोघांपैकी मोरित्झ फ्युर्स्टे हा जर्मनीच्या हॉकी संघातला, २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला. आपल्या हॉकी लीगमध्ये तो रांचीकडून खेळून गेला आहे. तेव्हा जाता-येता कुठल्या तरी देवळाभोवती त्याने लोटांगणं पाहिली असावीत असा माझा संशय आहे, कारण चौथं काम अगदी तेच: जमिनीला छाती लावायची, उठायचं, पुढे उडी मारायची, पुन्हा आडवं व्हायचं, असं ८० मीटर. देव मात्र कुठेच नाही. भारतात ही शर्यत पहिल्यांदा २०२५ च्या मे महिन्यात, गोरेगावला नेस्कोच्या हॉलमध्ये झाली. मी धावलो तोही तिथेच.

वेळ लागला २ तास ७ मिनिटं ५० सेकंद. अव्वल खेळाडू माझ्याहून जड वजनं घेऊन तासाच्या आत मोकळे होतात, पण तो विषय नाही. पूर्ण केली, हाडबिड काही मोडलं नाही, घरी येऊन वरणभात खाल्ला. माझ्या लेखी हिशेब मिटला होता. दुसऱ्या दिवशी भाचा मोबाइल घेऊन आला. “मामा, तुझे स्प्लिट्स आलेत. बघू या कुठे सुधारता येईल.”

पायाला लावलेल्या चिपमुळे तिथे प्रत्येक गोष्टीची वेगळी नोंद होते. आठ धावा, आठ कामं, सगळं सेकंदापर्यंत. एवढी स्वच्छ कीर्द मी एकाही पतपेढीत पाहिली नव्हती. मी लाल पेन काढलं. बायको म्हणाली, “अहो, निवृत्त झालात ना?”

पहिला दोष पहिल्याच ओळीत सापडला. पहिला किलोमीटर ५ मिनिटं ५२ सेकंदांत. एरवी मी सात मिनिटांचा माणूस. पण दणदणतं संगीत, भोवती पंचविशीतली पोरं, सगळी सुटली आणि त्यांच्याबरोबर मीही सुटलो. आर्थिक वर्षाच्या पहिल्याच महिन्यात सगळं अनुदान उडवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, त्यांना सुनावलंही आहे. त्याची फेड तिसऱ्या किलोमीटरला झाली. तोवर १५२ किलोंची स्लेज ढकलून झाली होती आणि मांड्या माझ्या राहिल्या नव्हत्या. वेळ ८ मिनिटं ५ सेकंद.

पाचव्या धावेला ८ मिनिटं ४१ सेकंद का, हे भाच्याला उलगडेना. मला माहीत होतं, पण सांगायची लाज वाटत होती. किलोमीटरच्या फेऱ्या आपणच मोजायच्या असतात, आणि एक कमी पडली तर दंड. लोटांगणांनंतर माझ्या डोक्यात आकडाच राहिला नाही. तीन झाल्या की दोन? दंड नको म्हणून एक फेरी जादा मारली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेल्या माणसाने! जादा भरणा, परतावा नाही.

शेवटच्या वॉल बॉलला तर जाहीर तंटा झाला. सहा किलोंचा चेंडू उठाबशी काढत दहा फुटांवरच्या खुणेला मारायचा, शंभर वेळा. समोर माझ्या मुलीपेक्षाही लहान परीक्षक. उठाबशी पुरती खाली गेली नाही किंवा चेंडू खुणेला लागला नाही, की ती हात हलवून म्हणायची, “नो रेप, अंकल.” माझ्या मोजणीने शंभर झाले तेव्हा तिच्याकडे शहाऐंशी होते. चौदाची तफावत. मी तेवढ्या धापेतही, “जरा परत जुळवून बघू या का?” असं विचारलं. ती गोड हसली आणि म्हणाली, “सत्त्याऐंशी मारा ना.” त्या पोरीला कुठल्याही पतपेढीवर प्रशासक म्हणून नेमावं. व्यवसायबंधू म्हणून मला तिचा अभिमान वाटला, पण तो नंतर, घरी.

एका रकान्यात मात्र भाच्याचे डोळे मोठे झाले. दोन हातांत चोवीस-चोवीस किलोंच्या केटलबेल घेऊन २०० मीटर चालायचं. ३ मिनिटं २ सेकंद, मध्ये एकदाही खाली न ठेवता. “मामा, यात तू पोरांच्या बरोबरीला आहेस! कसली ट्रेनिंग केलीस?” केली होती. डोंबिवलीला तिसरा मजला, लिफ्ट नाही, एका हातात गिरणीचा डबा आणि दुसऱ्यात बाजाराची पिशवी, अशी बावीस वर्षं. मध्ये खाली ठेवायची सोय नव्हती, कारण पहिल्या मजल्यावरच्या आजी बोलायला लावायच्या.

असे शेरे मारत मी तेरजेला आलो. आठ धावा मिळून १ तास १ मिनिट ४२ सेकंद. आठ कामं मिळून ५२ मिनिटं ४२ सेकंद. दोन्ही मिळून १ तास ५४ मिनिटं २४ सेकंद. एकूण वेळ २ तास ७ मिनिटं ५० सेकंद. मग १३ मिनिटं २६ सेकंद गेली कुठे?

सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: रॉक्सझोन. धावपट्टीवरून कामाच्या जागी आणि तिथून परत पट्टीवर, ही जी मधली ये-जा, तिचा वेळ. आठ वेळा आत, सात वेळा बाहेर. म्हणजे किरकोळ खर्च! मी पेन खाली ठेवलं. मोठ्या कामांत सहसा कोणी खात नाही, तिथे सगळ्यांची नजर असते. निविदा, तीन दरपत्रकं, सभेचा ठराव सगळं चोख. संस्था बुडते ती चहापाणी, रिक्षाभाडं आणि ‘इतर’मध्ये, हे मी कित्येक सचिवांना बोट नाचवून सांगितलं होतं. आणि माझ्या स्वतःच्या किरकोळमध्ये तेरा मिनिटं.

“पाणी प्यायलो असेन,” मी म्हणालो.

“तेरा मिनिटं?” बायको म्हणाली. “देवळातून निघताना चपला घालायला तुम्हाला पाच मिनिटं लागतात. तिथे आठ देवळं होती.”

पुरावा मुलीकडे निघाला. तिने कठड्याबाहेरून सतरा तुकडे चित्रित केले होते. ते आम्ही टीव्हीवर लावून पाहिले. पळताना किंवा ओढताना आपण कसे दिसतो याची माझी तयारी होती. तयारी नव्हती ती मधल्या माणसाला भेटायची. हा गृहस्थ कामाच्या कमानीपाशी येतो, थांबतो, चष्मा काढतो, बनियनचं कोरडं टोक शोधतो (असं टोक त्या अवस्थेत कुठून असणार?), काचा पुसतो, उजेडात धरून बघतो, पुन्हा पुसतो. प्रत्येक कमानीपाशी. एकदा खाली वाकून बुटाची नाडी सोडतो आणि होती तशीच बांधतो. एकदा बायको “चला, चला!” ओरडते तेव्हा हा कठड्यापाशी जाऊन कानाला हात लावतो आणि विचारतो, “काय म्हणालीस?”

सहाव्या तुकड्यात हा कमानीत शिरतच होता. मागून एक तरुण धापा टाकत आला. हा बाजूला झाला, हात पुढे केला आणि म्हणाला, “आधी तुम्ही.” तो पोरगा गोंधळून थांबला. त्यानेही हात पुढे केला. दोघं दोन-तीन सेकंद एकमेकांना आत पाठवत उभे राहिले. मागे तिसरा आला, तर याने त्यालाही वाट दिली.

भाचा हसून सोफ्यावर आडवा झाला. मुलीने तो तुकडा तीनदा लावला. मला हसू येत होतं आणि जरा वाईटही वाटत होतं. वडील असेच होते. रेशनच्या रांगेतही लोकांना पुढे सोडायचे, आणि रॉकेल संपल्यावर घरी यायचे. आई काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर अहवाल सादर आहे. दोष क्रमांक एक, पहिला किलोमीटर: यापुढे दक्षता घेण्यात येईल. दोष दोन, फेऱ्यांची मोजणी: मनगटावर रबरबँड घालावेत, फेरीगणिक एक या हातातून त्या हातात. दोष तीन, चष्मा: दोरी आणली, ६० रुपये, व्हाउचर जोडलं आहे. दोष चार, वॉल बॉल: परीक्षकांचे म्हणणे मान्य.

दोष पाच, ‘आधी तुम्ही’. याची पूर्तता चालू आहे. आता राहतो त्या इमारतीत लिफ्ट आहे, म्हणून भाच्याने सांगितलंय, “मामा, दारातून निघून लिफ्टमध्ये शिरेपर्यंतचा वेळ रोज लाव.” काल घड्याळ सुरू करून निघालो. चपला अकरा सेकंदांत, घरात टाळ्या पडल्या. लिफ्ट मजल्यावरच उभी होती. तेवढ्यात शेजारचे निवृत्त प्राध्यापक कुलूप लावून दूध आणायला निघाले. मी हात पुढे केला. त्यांनीही केला. “छे छे, तुम्ही या आधी,” ते म्हणाले. मी म्हटलं, “सर, तुमच्या हातात पिशवी आहे.” ते म्हणाले, “रिकामीच आहे हो.” तेवढ्यात वरून कोणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट आमच्यासमोरून रिकामीच वर निघून गेली. मग आम्ही जिन्याकडे वळलो. तिथे कठड्याची बाजू आधी कोणी घ्यायची, हा प्रश्न होताच.