शिफारसराव

ग्रंथालयाच्या देवघेव विभागाशी उभे राहून, हातातले पुस्तक परत करावे की आणखी आठ दिवस ठेवून घ्यावे अशा दोलायमान मनःस्थितीत असलेल्या एखाद्या निरुपद्रवी सभासदाच्या खांद्यावर मागून हात ठेवून, "सध्या काय वाचताय?" हा साधा प्रश्न जो गृहस्थ फौजदाराच्या स्वरात विचारतो, त्याला आमच्या गावात शिफारसराव म्हणतात. ही जात सार्वत्रिक आहे. ग्रंथालय शासनाच्या वर्गवारीत 'अ' वर्गात मोडो की 'ड' वर्गात, तेथे या जातीचा निदान एक नमुना वर्गणी न थकवता नांदत असतोच; अनुदान वर्गाप्रमाणे कमीजास्त होते, शिफारसराव मात्र सर्व वर्गांना सारखाच मंजूर झालेला असतो.

कोणाचे शिफारसराव आत्मचरित्रांचे असतात, कोणाचे ऐतिहासिक बखरींचे. आमच्या वाट्याला आलेले शिफारसराव कुमारांच्या व किशोरांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे आहेत, आणि त्यांच्या चरित्राला रंग चढतो तो येथेच. कारण उभी हयात तहसील कचेरीत घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला, बाहीवरची शाईही ज्याच्याबरोबरच निवृत्त झाली असा हा इभ्रतदार गृहस्थ जेव्हा चेटकिणी, उडते झाडू आणि खजिन्यावर वेटोळे घालून बसलेले ड्रॅगन यांच्याविषयी सात-बाराच्या उताऱ्याविषयी बोलावे तितक्या खात्रीने बोलू लागतो, तेव्हा आपण स्वप्नात आहोत की कचेरीत याचा ऐकणाऱ्याला क्षणभर उलगडा होत नाही.

त्यांच्या या व्यासंगाची पूर्वपीठिका ते कोणालाही, न विचारता, सांगतात. बालपणी आजोळच्या माळ्यावर त्यांना नाथमाधवांचे 'वीरधवल' सापडले, पाठोपाठ गो. ना. दातारांची 'इंद्रभुवनगुहा' आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी गेल्याच्या गेल्या शतकात मराठीत आणलेल्या अरबी गोष्टींचा एक जीर्ण भाग. आणि त्या माळ्यावर, खालून येणाऱ्या हाका न ऐकल्यासारखे करून, जो मुलगा पालथा पडून वाचीत राहिला, तो नोकरीच्या दीर्घ काळात कोठे तरी तहकूब झाला असला तरी निकाली निघालेला नव्हता. 'वीरधवल' 1913 सालचे, हे सांगून झाल्यावर ते थांबत नाहीत. नाथमाधव तरुणपणी शिकारीच्या नादात सिंहगडावरून पडले आणि कमरेखाली अधू झाले, ही हकीकत सांगून ते समोरच्या सभासदाकडे अशा नजरेने पाहतात, की कडेलोट होऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसाने जे लिहिले ते धडधाकट पायांनी ग्रंथालयात चालत येणाऱ्याला वाचवू नये, याबद्दल त्याची कैफियत लेखी घ्यावी की तोंडी, एवढाच प्रश्न शिल्लक राहावा.

पुनरुज्जीवन झाले ते निवृत्तीनंतर. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरात सक्तीने बसले असता नातीने विसरलेले 'हॅरी पॉटर आणि परीस' त्यांनी, डॉक्टरांनी मना केलेले असतानाही, उशीखाली दडवून वाचले. पहिला भाग मराठीतून संपला तेव्हा पुढच्या सहा भागांसाठी भाषांतराची वाट पाहण्याइतके आयुष्य आपल्यापाशी आहे की नाही याचा अदमास घेऊन, शब्दकोश मांडीवर ठेवून ते इंग्रजीत शिरले. तेथून टोल्किन, तेथून सी. एस. लुईस, तेथून अर्सुला ले गुइन. त्या प्रदेशातून ते अद्याप परत आलेले नाहीत.

येथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. इंग्रजीत बारा ते अठरा या वयासाठी स्वतंत्र कपाटेच्या कपाटे भरलेली असतात, आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हातावेगळा झाला, की मुलाने एकदम 'ययाति' हातात घ्यावे अशी घरच्या मंडळींची अपेक्षा असते, आणि ते घेतले तर हे तुझ्या वयाचे नव्हे म्हणून तेही काढून घेतले जाते. या मधल्या ओसाड मुलखाची जहागीर शिफारसरावांनी कोणाच्याही सनदेवाचून स्वतःकडे घेतली, याबद्दल त्यांना दोष देणे कठीण आहे. दोष द्यायचा तो वसुलीच्या पद्धतीला.

त्यांची शिफारस ही सूचना नसते. ते फर्मान असते, आणि त्याबरोबर वाचनाचा क्रमही येतो. लुईसच्या नार्नियाचे सात भाग आहेत. त्यांतला कपाटातून बर्फाच्या राज्यात जाण्याचा भाग 1950 साली, म्हणजे सर्वांत आधी, छापला गेला. आणि त्या राज्याच्या उत्पत्तीची कथा सांगणारा 'द मॅजिशियन्स नेफ्यू' 1955 साली, सहाव्या क्रमांकावर. तेव्हा प्रथम काय वाचावे, जे आधी छापले ते की जे आधी घडले ते, या प्रश्नावरून जगभरच्या वाचकांत दोन तट पडलेले आहेत, आणि स्मार्तांची एकादशी व भागवतांची एकादशी यांच्याप्रमाणेच दोन्ही पक्ष आपापल्या दिवशी उपाशी राहून दुसऱ्याच्या फराळाकडे तुच्छतेने पाहतात. शिफारसराव छापील क्रमाचे कट्टर अभिमानी. लुईसने स्वतः 1957 साली एका अमेरिकन मुलाला लिहिलेल्या पत्रात घटनाक्रमाच्या बाजूने कौल दिला होता आणि वर, कोणत्याही क्रमाने वाचले तरी फारसे बिघडत नाही असेही म्हटले होते, ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक आहे. परंतु वादीला प्रतिकूल असा कागद दप्तरातून कसा गहाळ होतो, हे ज्याने तहसिलीत पाहिले आहे त्याला त्यांच्या मौनाचे नवल वाटणार नाही.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची त्यांची स्वतःची प्रत हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. 1954 आणि 1955 या दोन वर्षांत तीन खंडांत निघालेला हा ग्रंथ ते ग्रंथालयाच्या प्रतीतून वाचू देत नाहीत. स्वतःची प्रत देतात, तपकिरी कागदाचे आवरण घालून, आणि आत ठिकठिकाणी अर्ध्या फुलस्केपच्या चिठ्ठ्या टाचणीने अडकवून. कचेरीत शेऱ्यांचे जे वळण बोटांना लागले ते सुटलेले नाही. हॉबिटांच्या चालीरीती आणि त्यांची तंबाखू यांचे प्रास्ताविक जेथे सुरू होते, तेथे, म्हणजे जेथे बहुसंख्य वाचक पुस्तक मिटवून जेवायला उठतात तेथे, पहिली चिठ्ठी: "धीर धरावा. पुढे हालचाल आहे." टॉम बॉम्बाडिल नावाचा गाणी म्हणत हिंडणारा रानातला गृहस्थ येतो तेथे: "सदर इसमाचा पुढील कामकाजाशी संबंध नाही. तरी वाचावे." एलरॉन्डच्या घरची मसलत सुरू होते तेथे: "सभा लांबली आहे. चहा घेऊन बसावे." या तीनही शेऱ्यांशी मी, एक वाचक या नात्याने, पूर्णतः सहमत आहे, आणि टोल्किनवरील पुष्कळ विद्वज्जड लेखनाहून ते मला अधिक उपयोगी वाटले. पण मोरियाच्या खाणीत, पुलावरून गॅन्डाल्फ अंधारात कोसळतो त्या पानावर, वाचकाचे काळीज खरोखर हलले असताना, त्याची कणव येऊन शिफारसरावांनी जी चिठ्ठी लावून ठेवली आहे ती अशी: "घाबरण्याचे कारण नाही. दुसरा खंड पाहावा."

"मी शेवट मुळीच सांगणार नाही हं," या वाक्याने त्यांचे प्रत्येक निवेदन सुरू होते. हे वाक्य उच्चारले गेले, की जाणत्या सभासदांनी घड्याळाकडे पाहून कामाचे निमित्त काढावे.

पुस्तक नेल्यानंतर तगादा सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तो दुरून, मान हलवून. दुसऱ्या आठवड्यात भाजीमंडईत, हातातल्या मेथीच्या जुडीसह. आणि मुदत टळल्यावर घरी येऊन, सभासदाच्या पत्नीच्या देखत. पुस्तक परत हवे असते असे नाही. त्यांना जबानी हवी असते. कोठपर्यंत आलात, कोणाबद्दल काय वाटले, त्या प्रसंगी डोळ्यांत पाणी आले की नाही. आणि आले नाही असे म्हणणाऱ्याकडे ते अशा व्यथित मुद्रेने पाहतात, की पुढच्या वेळी माणूस संकोचाने खोटी साक्ष देतो. तुम्ही ते पुस्तक वाचावे एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. माळ्यावर पालथे पडून त्यांनी जसे वाचले असते तसे, त्याच पानाला दचकून, त्याच ओळीला श्वास रोखून, तुम्ही वाचले पाहिजे. आपल्या पद्धतीने वाचून ते आवडले म्हणणारा मनुष्य त्यांना नावडले म्हणणाऱ्यापेक्षाही अधिक दुखावतो. दुसऱ्याची शिफारस मात्र ते स्वतः कधी घेत नाहीत. "सवडीने पाहू," म्हणतात. आणि ज्याने आपले प्रकरण एकदा त्या सवडीत जाताना पाहिले आहे, तो पुन्हा अर्ज करीत नाही.

या रुबाबाला धक्का एकदाच बसल्याचे मला ठाऊक आहे. अकरावीतली एक मुलगी, केसांना तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली, टोल्किनचे 'द हॉबिट' चार दिवसांत वाचून परत घेऊन आली आणि खिडकीवरच म्हणाली, "आजोबा, यात मुली कुठं आहेत?"

शिफारसराव म्हणाले, "असतील की."

"नाहीयेत. तेरा बुटके, एक जादूगार, एक तो बिल्बो. त्याच्या आईचं नाव येतं फक्त. मी पुन्हा चाळून पाहिलं."

लेखापरीक्षकाचा आक्षेप कसा स्वीकारावा हे त्या गृहस्थाला कोणी शिकवायला नको होते. त्यांनी पुस्तक परत घेतले, चष्मा कपाळावर नेला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. एरवी ते या टप्प्यावर ले गुइनचे 1968 सालचे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' देतात, आणि देताना त्यातला नायक गेड हा ताम्रवर्णी, आपल्यासारखा सावळा असल्याचे आणि तरीही मुखपृष्ठे काढणाऱ्यांनी त्याला वर्षानुवर्षे गोरा रंगवल्याचे सांगून, "फेरफार नोंद न घालता केलेला बदल," असा त्यावर शेरा मारतात. पण त्या पुस्तकातही जादूची विद्या पुरुषांच्याच ताब्यात आहे, हे त्यांना त्या क्षणी आठवले असावे. मग त्यांनी आयुष्यात प्रथमच क्रम मोडला. मालिकेतला पहिला भाग बाजूला ठेवून दुसरा, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन', तिच्या हाती दिला. त्यात टेनार नावाची मुलगी आहे, लहानपणीच घरातून उचलून नेऊन अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण केलेली. "हे आधी वाच," ते म्हणाले, आणि "आधी" या शब्दाशी त्यांचा आवाज किंचित अडखळला. तीही पुढची निघाली. पहिला भाग मागून वाचला तरी चालतो की, असे तिने पुढच्या आठवड्यात जाहीर करून टाकले. त्या सायंकाळी शिफारसराव नेहमीपेक्षा लवकर घरी गेले.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत, त्यांनी किशोरांच्या अद्भुत कादंबऱ्यांसाठी स्वतंत्र कपाटाची मागणी मांडली. कोषाध्यक्षांनी पैशाचा प्रश्न काढताच त्यांनी इतिहासाला हात घातला: 'द हॉबिट'चे हस्तलिखित 1936 साली प्रकाशक अनविन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले, त्याने एक शिलिंग मेहनताना घेऊन अनुकूल अहवाल लिहिला आणि त्या एका शिलिंगावर पुस्तक निघाले, पुढे हाच रेनर मोठा होऊन त्याच कचेरीत बसला, टोल्किनचा तो अवाढव्य ग्रंथ छापला तर हजार पौंड बुडतील असे त्याने बापाला कळवले, आणि ही प्रतिभेची कृती आहे अशी तुझी खात्री असेल तर हजार पौंड बुडव, असे बापाने उलट कळवले. सभागृह क्षणभर भारावले. कोषाध्यक्षांनी विचारले, की असे बुडालेले पैसे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे. तरीही, बहुधा भाषण आवरावे म्हणून, ठराव एकमताने संमत झाला. आणि कपाट आल्यावर, मालमत्तेची काळजी त्यांच्याइतकी कोण घेणार या विचाराने, त्याची किल्लीही त्यांच्याकडेच सोपवण्यात आली.

परिणाम अपेक्षित तोच झाला. किल्लीच्या आधी शिफारस, शिफारशीच्या आधी पूर्वपीठिका, आणि पूर्वपीठिकेच्या आधी सध्या काय वाचताय. एवढे सगळे पार करून पुस्तक हाती येईपर्यंत मुलांची शिकवणीची वेळ होते. कपाटातल्या पुस्तकांच्या तारीखपट्ट्या बराच काळ कोऱ्या राहिल्याचे ग्रंथपालबाईंच्या लक्षात आले होते, पण त्या बोलल्या नाहीत. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत जावे लागते, आणि बँकेची रांग ही बँकेची रांग असते. त्या दिवशी शिफारसराव नाइलाजाने किल्ली बाईंच्या खणात ठेवून गेले. ही बातमी गावातल्या तीन शाळांत कशी पोहोचली याची चौकशी कोणी केली नाही. दुपारी चारला ते दाखला सादर करून परत आले, तेव्हा कपाटात टोल्किनचा परिशिष्टांसह तिसरा खंड तेवढा आडवा पडलेला होता, आणि देवघेवीच्या खिडकीवर बाई शिक्का मारता मारता एका सातवीतल्या मुलाला म्हणत होत्या, "बाळ, तुम्हा सगळ्यांचं काम आज उरकत नसेल तर आजोबा उद्यासुद्धा बँकेत जाणार आहेत का, ते मी विचारून ठेवते."